गिऱ्हाईक आलं की मुका होणारा ड्रम

खोटं कशाला बोलू... ह्या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे, ते तुमचे किस्से वाचून हसायला. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या माळ्यावर पावलं वाजतात. मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि थाप नेमकी कुठं मारलीय त्यावर बोट ठेवतो. सवयच तशी आहे. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर मी एकोणीस वर्षं सिक्युरिटी सुपरवायझर होतो. शिफ्ट सुटली की माणसं रांगेत यायची आणि मी डबे उघडायला लावायचो. भाताखाली तांब्याची तार, थर्मासात बेअरिंग, एकदा तर देवाच्या फोटोफ्रेममागं पितळी पत्रा. तेव्हा भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, माणसांवर त्याहून कमी. आज मी स्वतःच इथं लिहायला बसलोय म्हणून सुमन — माझी बायको — स्वयंपाकघरातून हसतेय. हसू दे.

जागा नीट सांगतो, नंतर प्रश्न नकोत. शहापूरहून किन्हवलीच्या रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात सापगाव. रस्त्यापासून जरा आत आमचं घर. पुढं पडवी, मध्ये दोन खोल्या, मागं एक. मागच्या खोलीला दार एकच आणि तेही घरातूनच. खिडकीला ग्रिल, मी स्वतः उभं राहून बसवून घेतलेलं. त्यातून मांजरसुद्धा आत येत नाही. ह्या खोलीत आबांचा ड्रमसेट होता.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं मूळ गाव धसईच्या पुढं. पावसाळ्यात भातशेती आणि लग्नसराईत बेंजो पार्टी, असं आबांचं आयुष्य. बाहेरच्यांसाठी सांगतो — आमच्या भागात हळद लग्नापेक्षा मोठी असते, आणि हळदीला बेंजो पार्टी, म्हणजे बेंजो-ड्रमवाल्यांचा ताफा, नसेल तर पाहुणे तोंड वाकडं करतात. आबा पार्टीचे ड्रमवाले. तरुणपणी ते मुंबईला रंगकामाला जायचे, तेव्हा एक जुनं हॉटेल बंद होत होतं. तिथल्या बँडचा ड्रमसेट त्यांनी मजुरीच्या ऐवजी मागून घेतला. इंग्लंडची बनावट, साठेक वर्षांपूर्वीचा, लालभडक आणि चमकीचा. आजकाल असल्या सेटला विंटेज म्हणतात आणि लोक शोधत फिरतात, हे मला जावयानं सांगितलं. आम्ही ड्रमच्या वरच्या पडद्याला अजून कातडंच म्हणतो, पण आबांनी तिथं केव्हाच प्लास्टिक बसवलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण दमट हवेनं कातडं सैल पडतं वगैरे मला कुणी शिकवू नये.

मला तो सेट कधीच आवडला नाही. लग्नसराई सुरू झाली की आबा घरी दिसायचे नाहीत. माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरला ते कुठल्याशा गावात हळद वाजवून तिथंच मांडवात झोपले होते, आणि त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. धाकटा विलास माझ्या बरोबर उलटा. तो आबांच्या मागं मागं फिरला, वाजवायला शिकला. आज धसईला राहतो, शेती करतो आणि सीझनला पार्टीत वाजवतो, पण स्वतःच्या दुसऱ्या सेटवर. आबांचा सेट माझ्याकडं होता, कारण शेवटची सहा वर्षं आबा माझ्याकडं होते.

आई त्यांच्या कितीतरी आधी गेली. ती धवलारीण होती. म्हणजे हळदीच्या मांडवात पाटावर बसून देवांना बोलावत धवले गाणारी बाई. तिनं सुरुवात केल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. ती आणि काशीमावशी, दोघींची जोडी होती. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची.

आबांना जाऊन दीड वर्ष झालं आणि यंदा मार्चमध्ये ठरलं, आमची मुलगी प्रणाली पहिल्या बाळंतपणाला इकडं येणार. मागची खोली पाहिजेच. जावयानं सेटचे फोटो काढून ऑनलाइन टाकले. दुसऱ्याच दिवशी विलासचा फोन.

"दादा, इकू नको रे."

"मग घेऊन जा."

"माजं घर केवढं ते तुला ठाव नाय का? यंदा शेड बांधतो. पाऊस सरला का नेतो."

"शेड दीड वर्षं ऐकतोय मी."

तो गप्प बसला. विलास गप्प बसला की मला संशय येतो. लहानपणापासून.

एप्रिलमधल्या एका शनिवारी ठाण्याहून मेघना नावाच्या बाई आल्या. त्यांचा स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे. तिशीतल्या, स्वतःच्या काठ्या घेऊन आलेल्या. सेट बघून त्यांचे डोळे चमकले, हे मी टिपलं. स्टुलावर बसल्या आणि पुढच्या छोट्या ड्रमवर काठी मारली.

थप्प.

गादीवर धोपटणं मारावं तसा आवाज. त्यांनी चावीनं कातडं ताणलं, सैल केलं, पुन्हा ताणलं. थप्प. मोठ्या ड्रमवर पाय मारला, तोही थप्प. अर्धा तास खटपट करून त्या उठल्या. "काका, बॉडी फार सुंदर आहे हो. पण आवाज मेलेला आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांची गाडी रस्त्याला लागली नसेल, तेवढ्यात सुमन खोलीत झाडू मारायला गेली. झाडूची मूठ त्याच ड्रमला लागली आणि... टण्ण! पडवीत बसल्या जागी मी दचकलो. जाऊन बोटानं टिचकी मारली. टण्ण. पितळेच्या हंड्यासारखा खणखणीत.

आता मला सांगा, तुम्ही काय समजला असता? मी एकच समजलो. दोनच दिवस आधी, गुरुवारी, विलास येऊन गेला होता. "आबांच्या सेटजवळ जरा बसतो" म्हणून अर्धा तास खोलीत एकटा होता. विकू नको म्हणणारा तोच, ड्रमच्या नाड्या ओळखणारा तोच. कुठंतरी काहीतरी सरकवलं असणार, आणि सुमनच्या झाडूनं ते सुटलं असणार. गेटवर असल्या भानगडी मी शेकड्यांनी पकडल्यात.

मी मोबाइलवर खणखणीत आवाज रेकॉर्ड केला, मेघनाबाईंना पाठवला आणि म्हटलं, बिघाड सापडला, पुढच्या रविवारी या. मग खोलीला कुलूप घातलं. कुलपावर कागदाची पट्टी डकवून तिच्यावर सही केली, तारीख टाकली. चावी माझ्या करगोट्याला. सुमन म्हणाली, "घरात चोर शिरलाय का?" मी म्हटलं, अजून शिरायचाय.

रविवारी सकाळी नऊला मी पट्टी तपासली. शाबूत. आत जाऊन ड्रम वाजवून बघितला. खणखणीत. पुन्हा कुलूप, नवी पट्टी, नवी सही. अकराला मेघनाबाई आल्या. आणि त्यांच्या मागोमाग मोटरसायकलवर विलास! त्याला मी कळवलं नव्हतं. कापडी पिशवी हातात, चेहऱ्यावर हसू. "वैनीनं रंजनाला सांगितलं, बाई येनार म्हनून. म्हटलं, एकदा शेवटचं बघून घेऊ." रंजना त्याची बायको. दोघी जावांचा रोज फोन असतो, ते माझ्या ध्यानात आलंच नव्हतं.

सगळ्यांसमोर मी पट्टी फाडली, दार उघडलं. मेघनाबाईंनी काठी मारली.

थप्प.

मी चावी घेतली आणि ड्रमचं कातडं सगळ्यांच्या देखत उतरवलं. टॉर्च मारला, आत हात फिरवला. काही नाही. मोठा ड्रम उघडला, त्यातही काही नाही. कातडं परत चढवलं, मेघनाबाईंनी स्वतः ताणून घेतलं. थप्प. त्यांनी पुढ्यात फोन ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं होतं, आवाजाचा अभ्यास करायला म्हणून.

विलास दाराशी उभा होता, पिशवी छातीशी धरून. आणि मी... जे बोलू नये ते बोललो.

"पिशवी दाखव."

"काय?"

"पिशवी उघड, विलास. काय आणलंयस त्यात?"

त्याला आधी मस्करी वाटली. मग नाही वाटली. परक्या बाईसमोर त्यानं पिशवी जमिनीवर ठेवली आणि एकेक वस्तू काढून मांडली. नाचणीच्या भाकऱ्या, सुकटीचा डबा. आणि खाली घडी घालून ठेवलेली एक एवढीशी गोधडी. रंजनानं प्रणालीच्या बाळासाठी शिवलेली, जुन्या मऊ साड्यांची. आमच्या आईच्या साड्या होत्या त्या, मी काठावरून ओळखल्या.

"बगितलंस? आता खिसं बग," म्हणत त्यानं पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. विडीचं बंडल पडलं, गाडीची चावी पडली. चावी उचलून तो निघून गेला. बाकी सगळं तिथंच राहिलं.

सुमन माझ्याशी चार दिवस बोलली नाही. आणि त्या दिवशी तो गेला, मेघनाबाईही गेल्या, त्यानंतर तासाभरानं मी ड्रमवर टिचकी मारली तेव्हा टण्ण! विलास तोवर धसईच्या वाटेवर सरळगावच्या पुढं गेला असेल. मला घाम फुटला तो भुताच्या भीतीनं नाही. मी नको त्या माणसाची झडती घेतली, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं. शरम वाटली, फार वाटली. पण स्वभावाला औषध नाही... लगेच पुढचा विचार असा आला, की मग हे करतंय कोण?

बुधवारी मेघनाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काका, आवाजाचं जाऊ द्या. मी सगळे पडदे नवे घालीन. मला सेट हवाय. रविवारी टेम्पो घेऊन येते." वर त्यांनी ते रेकॉर्डिंगही पाठवलं. खरं तर विषय संपला होता. सेट जाणार, खोली मोकळी होणार. पण मी ते रेकॉर्डिंग दिवसभर ऐकत राहिलो, आणि गुरुवारी सकाळची गाडी पकडून धसईला गेलो. तिथं बबनकाका आहेत. आबांच्या पार्टीत तीस वर्षं बेंजो वाजवलेला माणूस. युक्ती असेल तर हा म्हातारा ओळखणार.

बाजाराशेजारच्या चहाच्या टपरीवर ते भेटले. मी काहीच सांगितलं नाही, फोन नुसता त्यांच्या कानाला लावला. दोन ठोक्यांतच म्हणाले, "पंचा हाय."

"काय हाय?"

"कातड्यावर पंचा टाकलाय. वला करून, पिलून, चार घड्या घालून. आबाचा सेट ना? तोच असा टाकायचा."

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. आबांच्या पार्टीचा तो नियम होता. मांडवात धवला सुरू झाला की ड्रमवर ओला पंचा पडायचा. गर्दीत कुणाचा हात लागला, पोरानं काठी मारली, तरी ड्रमचा आवाज धवल्याच्या वर जाता कामा नये. धवला पुरा झाला की धवलारीण सांगायची, 'काढ आता', की मग पंचा निघायचा आणि पार्टी सुरू व्हायची. बाकीचे ड्रमवाले काठ्या खाली ठेवत, तेवढंच. पंचा फक्त आबा टाकायचे. गाणारी आई असायची ना.

"कोनाची हळद ही? धवला चाल्लाय ना?" बबनकाकांनी विचारलं.

"हळद नाय, काका. माजी मागची खोली हाय. नि पंचा-बिंचा काय नव्हता. मी सोता उघडून बगितलं."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि हात सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "परकाश, तुज्या पोरीच्या हळदीला आबानं टाकलेला पंचा काढलाच नाय. मी बाजूला व्हतो."

आता हे मला तुम्हाला सांगावंच लागणार.

प्रणालीच्या हळदीला मी डीजे सांगितला होता. आबा म्हणाले होते, आपली पार्टी असताना डीजे कशाला? मी म्हटलं, आबा, तुमची पार्टी म्हातारी झाली. तरी ते सेट घेऊन मांडवात आले, कोपऱ्यात मांडून बसले. काशीमावशी आली. आई गेल्यापासून ती एकटीच गाते, पण शेजारी आईचा पाट रिकामा मांडून ठेवते. धवला सुरू झाला. डीजेवाला माझ्याकडं बघून घड्याळ दाखवायला लागला, दहाला बंद करावं लागतं म्हणून. विलास धावत आला. म्हणाला, "दादा, पाच मिंटं थांबव, धवला आर्धा टाकू नये." मी म्हटलं, "लोकं ताटकळलीत," आणि डीजेवाल्याला हात केला. त्या दणदणाटात काशीमावशीचा धवला कुठं बुडाला ते कळलंही नाही. ती उठून गेली, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. तिची ओटी भरायची राहिली ती राहिलीच. आणि आबा कोपऱ्यात ड्रमवर पंचा ठेवून रात्रभर तसेच बसून होते, हे मला बबनकाकांनी त्या टपरीवर सांगितलं. त्यानंतर आबांनी कधी काठी हातात घेतली नाही. मी समजत होतो, वय झालं.

पण इथंही माझा संशय सुटला नाही. बबनकाका आणि विलास रोज एका टपरीवर चहा पिणारे. ठरवून सांगत नसतील कशावरून? म्हणून मी तिथूनच थेट काशीमावशीच्या घरी गेलो, कुणी फोन करून पढवायच्या आत. ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ड्रमचं अवाक्षर काढलं नाही. फक्त म्हटलं, "मावशी, प्रणालीच्या हळदीला चुकलं माझं. धवला आर्धा रायला."

तिनं मान वर केली नाही. "माजा आर्धा रायला. मी उठली रे पोरा. तुजी आय नाय उठली."

"म्हंजे?"

"आमी दोघी बसलेलो. मी उठली. ती पाटावरच व्हती. मी हाक मारली, तिनं आयकली नाय. तशीच म्हनत बसली." आणि शेंगा सोलायला लागली, भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज.

भर दुपारचे बारा वाजले होते, ऊन रणरणत होतं, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. तरी सांगतो, बबनकाकांकडं मोबाइल आहे. मी चालत गेलो तेवढ्या वेळात त्यांनी मावशीच्या नातवाला फोन केला नसेल, असं मी छातीठोक म्हणू शकत नाही.

तिथून विलासकडं. तो आंब्यावर चढून काठीला झेला बांधत होता, म्हणजे फळं उतरवायचं जाळं. मला बघून खाली उतरला नाही. मी झाडाखाली उभं राहून सगळं सांगितलं. चुकलो, असंही म्हटलं. मोठ्या भावानं धाकट्याला चुकलो म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही, त्यामुळं ते फारच हळू निघालं असावं.

"रविवारी मावशीला गाडीवर घेऊन येशील का?" मी विचारलं.

"मावशीला आनीन," तो वरूनच म्हणाला. "तुज्यासाठी नाय."

रविवारी दहाला ते दोघं आले. सुमननं मावशीची ओटी भरली. साडी, खण, नारळ, तांदूळ, राहिलेलं सगळं. मागच्या खोलीत पाट मांडला. "दोन," मावशी म्हणाली. दुसरा मांडला. तिनं कुठून सुरुवात केली ते मला कळलं नाही, पण विलासला कळलं. डीजेनं जिथं तोडलं होतं तिथूनच, असं तो म्हणतो. म्हातारीचा आवाज फाटका. एक ओळ म्हणायची आणि थांबायची. पुढची ओळ कुणीतरी म्हणत असावं इतका वेळ थांबायची, मग पुन्हा पुढं. मी कान देऊन ऐकलं. दुसरा आवाज मला आला नाही. हे प्रामाणिकपणे लिहितोय, मसाला घालायचा असता तर इथंच घातला असता.

मध्येच टेम्पो आला. मेघनाबाई दारापर्यंत आल्या आणि काय समजल्या कोण जाणे, चप्पल काढून उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

धवला संपला. मावशीनं माझ्याकडं बघितलं. "काढ आता."

"काय काढू?"

"पंचा."

ड्रम समोर उघडा पडलेला. लाल कड, वर पांढरं प्लास्टिक, त्यावर खिडकीचं ऊन. दुसरं काहीही नाही. मी विलासकडं बघितलं, तो खाली बघत होता. सगळे थांबलेले. मला इतकं ओशाळवाणं झालं... पण म्हातारीचं मन मोडायला नको म्हणून मी दोन्ही हात पुढं केले आणि कापड उचलल्यासारखं केलं.

माझ्या बोटांना ओलं कापड लागलं.

दिसलं काहीच नाही. पण गार होतं, जाडसर होतं, आणि पिळलेल्या पंच्याला असतं तेवढं वजन होतं. मी ते उचललं. कुठं ठेवायचं ते न कळून तसाच हातात धरून उभा राहिलो. हळूहळू वजन गेलं. सुमननं पुढं येऊन माझे हात पदरानं पुसले. हात ओले होते, ती आजही सांगते. एप्रिलमध्ये घामानंही हात ओले होतात, हे मीही तिला आजही सांगतो.

विलासनं काठी मारली. टण्ण! मेघनाबाईंना आत बोलावलं, त्यांच्या हातात काठी दिली. टण्ण. त्या म्हणाल्या, "अहो, हा तर जिवंत आहे!" आणि टेम्पोवाल्याला हाक मारायला वळल्या.

"ताई," मी म्हटलं, "सेट द्यायचा नाही."

त्या चिडल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. दोनदा हेलपाटा, तिसऱ्यांदा टेम्पो. मी हात जोडले. चहासुद्धा न घेता गेल्या.

मग मी विलासला म्हटलं, "हा तुझा आहे. आबांनंतर तुझाच होता. शेड होईपर्यंत पडवीत राहू दे, पण तुझा."

त्यानं काठ्या ड्रमवर नीट शेजारी शेजारी ठेवल्या. "नको, दादा. तुज्याकडंच ठेव. माज्याकडं नेला नि उद्या त्याचं काय हललं, तर परत माज्यावर यायचं." रागानं नाही म्हणाला. आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

प्रणालीला मुलगी झाली. खोली तिला मिळाली आणि सेट पडवीत आला. तेव्हापासून कुणीही वाजवो, तो खणखणीत वाजतो. पाहुणे, शेजारी, अगदी परकी माणसंसुद्धा. मी वेगवेगळ्या माणसांकडून मुद्दाम वाजवून बघितलंय. ते रेकॉर्डिंगही माझ्याकडं आहे. एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला ऐकवलं, तो म्हणाला कापड टाकून वाजवलंय. कापड नव्हतं, म्हटलं. तो म्हणाला, मग तुम्हाला दिसलं नसेल. तुमच्यात कुणी आवाजातला जाणकार असेल तर सांगा. चाळीस मिनिटं जे कातडं दोन माणसांनी उघडून, ताणून, चढवून मुकं राहतं, ते माणसं गेल्यावर आपोआप कसं बोलतं? आणि मुकं व्हायचं ते फक्त विकत घ्यायला आलेल्या माणसासमोरच का? मला अजून कळलेलं नाही. मावशी, काका आणि विलास ह्यांनी मिळून मला बनवलं असेल, हाही संशय मी पुरता सोडलेला नाही. फक्त त्या ओल्या कापडाशी येऊन तो दर वेळी अडतो.

बारशाला विलास आणि रंजना आले. विलास बाळाला घेऊन बसला, पडवीत आबांच्या सेटवर वाजवलं, जेवला, हसला. त्यानंतरही दोन-तीनदा येऊन गेला. येताना काही ना काही आणतोच, काकड्या, तांदळाची कणी, बाळाला झबलं. पण पिशवी घरात आणत नाही. बाहेर मोटरसायकलच्या हँडलला अडकवून ठेवतो. आत रिकाम्या हातानं येतो आणि सुमनला म्हणतो, "वैनी, गाडीला पिशवी हाय, तेवढी काढून घे." ड्रमचं काय झालं ते मला सांगता येत नाही. पिशवीचं मात्र मला कुणी समजावून सांगायला नको.